बोट नंबर तीनचे दहा

ऑर्डर सकाळी सव्वापाचला आली. साडेसहाला आमच्या इंजिनिअर कंपनीच्या गाड्या बोटी लादून निघाल्या आणि दुपारी एकच्या आत बनारसला पोहोचल्या. पुढच्या गाडीत कंपनी कमांडर मेजर साहेब मांडीवर नकाशा घेऊन बसले होते. मध्येच मागे वळून त्यांनी मला विचारलं, मुळे, तू इथलाच ना? मी म्हटलं, जी साहेब, ब्रह्मा घाट. त्यांनी नकाशा घडी करून माझ्याकडे दिला.

मी तेव्हा हवालदार होतो, सर्व्हिस एकोणीस वर्षं. आमच्या घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि वडिलांच्या पाठशाळेत संस्कृत. मी वेद म्हणावेत ही वडिलांची इच्छा होती आणि मी सॅपर झालो. सॅपर म्हणजे फौजेतला पूल बांधणारा, बोटी चालवणारा, सुरुंग काढणारा माणूस. वडील दोन वर्षं माझ्याशी धड बोलले नाहीत. पुढे मी सुभेदार होऊन रिटायर झालो तोवर ते राहिले नव्हते.

हे सगळं आता लिहायचं कारण सांगतो. रामनगरला पार्सलं पोचवणाऱ्या एका कंपनीचं गोदाम आहे, तिथे मी सिक्युरिटी बघतो. गेल्या महिन्यात तिथल्या एचआरच्या मॅडम माझ्या केबिनपाशी आल्या. म्हणाल्या, फौजी साहब, स्टाफ मीटिंगमध्ये दहा मिनिटं बोला. विषय, कर्मचारी मन लावून काम कशाने करतो. माझ्या बायोडेटात त्यांनी वाचलं होतं की मला आर्मीचं कमेंडेशन कार्ड मिळालंय आणि त्यावर ‘जवानांना प्रेरणा दिल्याबद्दल’ असं लिहिलंय. वाचलं ते खरंच आहे. ते कार्ड कसं मिळालं हे मात्र बायोडेटात लिहीत नाहीत.

तर, पूर. गंगा चढली की ती वरुणेला मागे ढकलते. वरुणा ही आमची छोटी नदी, गंगेला मिळणारी. तिला पुढे जायला वाट राहिली नाही की ती काठच्या वस्त्यांत शिरते. घाटावर पाणी आलं की टीव्हीवाले घाट दाखवतात, आरती गच्चीवर कशी होते ते दाखवतात. माणसं बुडतात ती मागे, वरुणेकाठी. आमचं काम तिथे होतं.

उंचावरच्या एका शाळेचं मैदान आम्हाला मिळालं. तिथेच लँडिंग केलं, म्हणजे माणसं आणून उतरवायची जागा. तीन रबरी बोटी. बोट नंबर एक माझी. बोट नंबर दोन हवालदार जगतापची. बोट नंबर तीन नाईक दत्तू ढेरेची. प्रत्येक बोटीत तीन जण: कमांडर, मागे इंजिन चालवणारा, आणि पुढे दोर धरणारा. माझ्या इंजिनावर लान्सनाईक पवार होता. सकाळी पाचला उठायचं, साडेपाचला चहा, सहाला पाण्यात. अंधार पडला की बोटी वर.

पहिले दोन दिवस जवान नुसते पळत होते. तिसऱ्या दिवशी ढिले पडले. त्यांची चूक नव्हती. त्या पाण्याला जो वास होता तो मी अजून विसरलेलो नाही. नाल्याचं पाणी, मेलेली डुकरं, रॉकेल, सगळं त्यात. पायांची कातडी पांढरी पडून सुटायला लागली होती. अर्ध्या भरलेल्या बोटी परत येत होत्या आणि पाच मिनिटांचा चहा अर्धा तास चालत होता. मेजर साहेबांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, मुळे, काहीतरी कर.

मी केलं. शाळेतला एक फळा उचलून लँडिंगच्या तोंडाशी ठेवला. खडूने तीन रकाने आखले: बोट एक, बोट दोन, बोट तीन. जितकी डोकी उतरतील तितक्या रेघा. स्टोअरमध्ये धोक्याच्या निशाणाचं लाल कापड होतं, त्याची एक वीतभर झेंडी शिवून घेतली. सगळ्यांना फॉल-इन करून सांगितलं की परवा सोळा तीसला, म्हणजे दुपारी साडेचारला, आकडा बंद. ज्या बोटीच्या रेघा जास्त तिला झेंडी, आणि बड्या खान्याला, म्हणजे सगळ्या कंपनीच्या मेजवानीला, त्या क्रूच्या ताटात मेजर साहेब स्वतः वाढतील. मेजर साहेब हसून म्हणाले, वाढेन.

अहो, तुम्हाला खोटं वाटेल. वीतभर लाल चिंधी. तिच्यासाठी पगार वाढणार नव्हता, रजा मिळणार नव्हती, प्रमोशन तर नाहीच. पण दुपारपर्यंत चहा प्यायला कोणी थांबेना. जगताप आणि मी एका बॅचचे, एकमेकांचे उष्टे खाल्लेले, आणि आम्ही एकमेकांकडे तिरके बघायला लागलो. येता-जाता पहिली नजर फळ्याकडे. मी स्वतःवर इतका खूश होतो की सांगायची सोय नाही. मॅडमना हवं होतं ते हेच. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा सापडलं होतं: माणूस पगारासाठी कामावर येतो, पण धावतो शेजारच्याचा आकडा बघून.

दुसऱ्या दिवशी काय व्हायला लागलं तेही सांगतो. जिथे गच्चीवर दहा-बारा माणसं एकत्र दिसतील तिथे बोट लावायची. धडधाकट माणसं, पटापट उतरणारी. एक किराणावाला होता, दुकानाच्या राखणीला वरच्या मजल्यावर बसलेला. त्याला मी आणला. जेवून तो परत जायचं म्हणाला, तर जाता-जाता मीच सोडला. संध्याकाळी पुन्हा आणला. असा तो चार वेळा वाचला आणि चारही रेघा माझ्या रकान्यात आहेत. जगतापकडेही असे दोघे-तिघे होते. कोणी बोललं नाही, कारण दोघांनाही बोलायची सोय नव्हती.

आणि जिथे वेळ लागेल ते दार आपोआप मागे राहायला लागलं. मुद्दाम कोणी ठरवलं नाही. एखादी बाई आतून ‘नाही येत’ म्हणाली की आम्ही म्हणायचो, बरं, नंतर येतो. नंतर कोणी जात नव्हतं. म्हणजे, आम्ही दोघं जात नव्हतो.

दत्तू जायचा.

नाईक दत्तू ढेरे चंदगडकडचा, चौतिशीचा. घरी काजूची थोडी झाडं आणि दोन म्हशी. बोलायला हळू, चालायला हळू, जेवायला तर इतका हळू की त्याच्यासाठी लंगरची भांडी थांबायची. ट्रेनिंगमध्ये कधी पहिला आला नाही. पण त्याने बांधलेली गाठ मी परत तपासत नसे. मला तो उस्ताद म्हणायचा. फौजेत शिकवणाऱ्याला म्हणतात तसं.

फळा लागला त्या दिवशी त्याची बोट दुपारी दीड तास एकाच दारात उभी होती. आत अर्धांगवायू झालेला शिंपी, अंथरुणाला खिळलेला. त्याला दारासकट, म्हणजे दार काढून त्याच्यावर बांधून, दत्तूने बाहेर काढला. रेघा किती, तर दोन, एक त्याची आणि एक बायकोची. तेवढ्या वेळात माझ्या अठरा झाल्या होत्या. मी सगळ्यांसमोर म्हणालो, दत्तू, अशाने तुला झेंडी पुढच्या पुरात मिळेल. जवान हसले. तोही हसला.

मग एक म्हातारी होती. तिला सगळी वस्ती चाची म्हणायची. एकटी विधवा, सत्तरीची. घर दोन खोल्यांचं, विटा मातीत बसवलेल्या. शेजारच्या उंच ओट्यावर तिची म्हैस बांधलेली, गाभण, दिवस भरत आलेले. मी पहिल्याच दिवशी तिच्या दारात गेलो होतो. ती म्हणाली, “भइंस छोड़ के हम ना जाब.” म्हैस सोडून जाणार नाही. म्हैस आमच्या बोटीत मावत नाही आणि फळ्यावरही धरत नाहीत. मी बोट फिरवली.

दत्तू रोज तिच्याकडे दोन फेऱ्या मारायचा. शाळेमागून चारा कापून बोटीत घालायचा, तिला प्यायचं पाणी आणि पुऱ्या द्यायचा, दहा मिनिटं तिच्याशी बोलत उभा राहायचा. त्याला बनारसी येत नव्हती, तिला मराठी येत नव्हती. म्हशीबद्दल बोलायला तेवढी भाषा पुरत असावी. मी त्याच्या बोटीला डेअरी म्हणायला लागलो. काय दत्तू, आज किती लिटर? रोज संध्याकाळी हाच विनोद. एकदा मात्र मी खरंच चिडलो. त्याला बाजूला घेऊन म्हणालो की तुझ्यामुळे बोट तीनचं नाव खराब होतंय, तुझी पोरं तोंड लपवतायत, कशासाठी करतोस हे?

त्याने चाऱ्याचा विळा उचलला. मग म्हणाला, “ती एकटी हाय, उस्ताद.”

बाकी काही नाही. मला वाटलं पुढे काहीतरी बोलेल म्हणून मी थांबलो, पण त्याचं बोलून झालं होतं. तो चारा कापायला गेला.

पाचव्या दिवशी सकाळी पाणी उतरायला लागलं. भिंतीवर ओली रेघ दिसायला लागली. शाळेतली माणसं खूश झाली. आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण ती मला माहीत होती आणि म्हणूनच सांगतोय. मातीतली भिंत पाणी चढताना पडत नाही. आतून-बाहेरून पाणी तिला धरून ठेवतं. ती पडते पाणी उतरताना, जेव्हा ती आतून भिजलेली असते आणि बाहेरचा आधार जातो. हे आम्ही कोर्समध्ये शिकलोय, मी स्वतः जवानांना शिकवलंय. दत्तूलाही मीच शिकवलं होतं. त्यामुळे त्या दिवशी तो चाचीला न घेता परत यायचं नाही असं ठरवून गेला. जाताना मला सांगून गेला की म्हैस बोटीमागे दोराने पोहत आणतो, म्हातारी त्याला कबूल झालीय. मी फळ्याकडे बघत हं म्हणालो.

दुपारी साडेतीनला फळ्यावर जगताप साठ, मी बावन्न, दत्तू नऊ. आकडा बंद व्हायला एक तास. मी एका कोचिंग क्लासच्या इमारतीला बोट लावली. वर आठ जण होते. आठ म्हणजे साठ, बरोबरी. मग आणखी एक फेरी मारली की झालं. हे सगळं माझ्या डोक्यात चालू होतं, अगदी याच शब्दांत.

पंधरा बावन्नला हँडसेट वाजला. आमचे सेट घरांच्या गर्दीत लांब जात नव्हते. दत्तूचा आवाज मला मिळाला कारण मी जवळ होतो. तीन मिनिटांच्या अंतरावर.

“एक फॉर तीन, ओव्हर.”

“तीन, पास युवर मेसेज, ओव्हर.”

“इंजिन बंद. पंख्यात कापड गुंतलंय. म्हातारी बोटीत हाय. बोट भितीला लागलीया आणि भित हलतीया. एक बोट पायजे. ओव्हर.”

माझ्या बोटीत तेव्हा तीन जण बसले होते. पाच जण शिडीवर आणि गच्चीत. इमारत काँक्रीटची, पक्की. ती माणसं रात्रभर तिथे राहिली असती तरी त्यांना सर्दीशिवाय काही झालं नसतं. पवारने इंजिनावरून मान वळवली. म्हणाला, “उस्ताद, जाऊ या का?”

मी म्हणालो, आधी हे भर. आणि हँडसेटवर बोललो, “तीन, दहा मिनिटं. वेट. आऊट.”

सिव्हिलियन वाचकांसाठी सांगतो. वायरलेसवर ओव्हर म्हणजे माझं झालं, आता तू बोल. आऊट म्हणजे बोलणं संपलं. आऊट म्हटल्यावर समोरच्याने उगाच परत बोलायचं नसतं. हीसुद्धा मीच शिकवलेली शिस्त. दत्तू शिस्तीचा माणूस. तो परत बोलला नाही.

आठ जण भरून मी पंधरा एकोणसाठला निघालो. तिथून सरळ त्याच्याकडे जाता आलं असतं. पण भरलेली बोट घेऊन तिथे काय करणार, असं मी स्वतःला सांगितलं आणि लँडिंगकडे वळवली. सोळा चारला लागलो. एका बाईची पिशवी पाण्यात पडली, ती काढण्यात वेळ गेला. सोळा सातला बोट रिकामी. फळ्याशी बसलेल्या क्लार्कने आठ रेघा मारल्या. मी त्या मारून होईपर्यंत बघितल्या. मग निघालो आणि सोळा तेराला चाचीच्या घराशी पोहोचलो. दहा म्हणालो होतो, एकवीस लागली.

भिंत नव्हती. विटांचा ढीग पाण्याच्या वर हातभर दिसत होता आणि गढूळ पाणी त्याच्यावरून फिरत होतं. बोट तीन पलीकडे विजेच्या खांबाला अडकलेली. तिच्यात दत्तूचे दोघे जवान आणि मध्ये चाची, अंगात दत्तूचं लाइफ जॅकेट. ती रडत नव्हती. एकटक ढिगाकडे बघत होती. म्हैस कुठेच नव्हती, दोर सुटलेला.

पुढच्या जवानाने सांगितलं ते असं. जॅकेट कमी पडलं म्हणून दत्तूने स्वतःचं चाचीला घातलं. भिंतीला एक भेग वरपासून खालपर्यंत गेली, तेव्हा तो छातीभर पाण्यात उतरला. आधी म्हशीचा दोर सोडला, कारण म्हातारीला शब्द दिला होता. मग पाठ भिंतीला आणि पाय बोटीला लावून त्याने बोट ढकलली. बोट सुटली. भिंत आली. मी विचारलं, किती वेळ झाला? तो म्हणाला, पाच-सहा मिनिटं, उस्ताद.

सोळा सात. मी तेव्हा रेघा बघत होतो.

मी उडी मारली, पवारने मारली, हातांनी विटा उचलल्या. आरडाओरडा ऐकून चार मिनिटांत जगतापची बोट मेजर साहेबांना घेऊन आली. त्यांनी मला ऑर्डर दिली की म्हातारीला आणि त्या दोघांना लँडिंगला सोड, दोर, पहारी आणि माणसं घेऊन ये. मी गेलो. सोळा सव्वीसला चाचीला हाताला धरून माझ्या बोटीतून उतरवलं. क्लार्कला काही माहीत नव्हतं. त्याला दिसलं ते एवढंच की बोट नंबर एकमधून एक डोकं उतरलं. त्याने माझ्या रकान्यात एक रेघ मारली.

एकसष्ट. मी ती रेघ बघितली. क्लार्कला एक शब्द सांगायला मला किती वेळ लागला असता? मी पहारी उचलल्या आणि परत बोटीत बसलो.

दत्तू दोन दिवसांनी मिळाला, पाणी पूर्ण उतरल्यावर, तिथेच, विटांखाली. म्हैस पोहत बांधाला लागली होती. बडा खाना रद्द झाला. झेंडी कोणी दिली नाही आणि कोणी मागितली नाही. फळा मात्र कोणी पुसला नाही, आणि रिपोर्टमध्ये आकडे तिथून उतरवले गेले.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. मला विचारलं की नाईक ढेरेचा मेसेज मिळाला होता का? मी सांगितलं, तुटक मिळाला, अर्थ लागला नाही. पवारला विचारलं. तो म्हणाला, इंजिनाच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही त्याने. त्यानंतर रिटायर होईपर्यंत ड्युटीशिवाय पवार माझ्याशी बोलला नाही, आणि मी त्याला का म्हणून विचारलं नाही. आठ महिन्यांनी कमेंडेशन कार्ड आलं. नेतृत्व, प्रेरणा, एकसष्ट नागरिकांचे प्राण. छान छापलेलं आहे.

दत्तूला घरी न्यायच्या पार्टीत मी होतो. त्याचं गाव चंदगडपासून आत, चढावर. सगळा गाव रस्त्यावर उभा होता. सलामी झाली, अग्नी दिला. संध्याकाळी त्याचे वडील माझ्याजवळ येऊन बसले. आबा म्हणतात त्यांना. हात काजूच्या चिकाने काळे पडलेले. त्यांनी मला पाणी दिलं, मग विचारलं,

“साहेब, माझ्या पोरानं किती माणसं वाचवली?”

मला खरा आकडा सांगायची लाज वाटली. नऊ. फळ्यावरच्या तीन दिवसांत नऊ. त्या म्हाताऱ्याला वाटेल की पोरगा कामचोर होता. बघा माझं डोकं कसं चालत होतं. त्या फळ्याने मला इतकं नासवलं होतं की ज्याचं पोर माझ्यामुळे गेलं त्या बापासमोर बसूनही मला नऊ हा आकडा कमी वाटला. मी म्हणालो, एकसष्ट. त्यांनी मान हलवली, दोनदा तोच आकडा स्वतःशी म्हणाले, आणि आत जाऊन घरातल्यांना सांगितला.

वर्षाने गावाने स्मारक बांधलं. फोटो आला माझ्याकडे. काळा दगड, दत्तूचं नाव आणि खाली ‘पुरात ६१ जणांचे प्राण वाचवताना वीरमरण’. तो फोटो मी कपाटात उलटा ठेवलाय.

तर रामनगरच्या गोदामात नवा बोर्ड लागणार होता. डिलिव्हरी करणाऱ्या सगळ्यांची नावं, पुढे रोजची पार्सलं, वरच्याला तारा, आणि महिनाअखेरीला खालचे तीन घरी. त्यातले एक लालजी, पन्नाशीचे. त्यांच्याकडे संकठा घाट ते ब्रह्मा घाट, सगळ्या गल्ल्या आणि पायऱ्या. मोटारसायकल जात नाही. माझ्याच गल्लीत मी त्यांना बघितलंय, तिसऱ्या मजल्यावरच्या जोशी आजींना गुडघ्यांमुळे दारापर्यंत यायला पाच मिनिटं लागतात आणि हा माणूस औषधांचं पाकीट हातात धरून उभा असतो. दारात टाकून जात नाही. त्यांचा आकडा कायम तळाला.

मीटिंगला मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. फळा, झेंडी, किराणावाला, दहा मिनिटं, वेट, आऊट. कोर्टातलं खोटंही सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा, आणि तेही प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेल्या चाळीस अनोळखी माणसांसमोर. मग लालजींचं नाव घेतलं आणि म्हणालो, ये आदमी नीचे नहीं है, आपका बोर्ड उल्टा है. 

 मग मॅनेजर टाळ्या वाजवायला लागले, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. मॅडम म्हणाल्या, “बहुत इन्स्पायरिंग था सर.” जवान शेवटपर्यंत ड्युटी सोडत नाही हा मुद्दा त्यांना फार आवडला होता. मग माझ्याच हाताने बोर्डावरची फीत कापायला लावली. कात्री हातात दिल्यावर मी कापली, हेही लिहून ठेवतो. महिनाअखेरीला लालजी सायकलवर डबा अडकवून निघाले, गेटवर माझ्याशी हात मिळवला आणि म्हणाले, आजींना सांगा, नवा पोरगा घंटी वाजवून निघून जाईल, त्यांनी आधीच दाराशी बसावं. माझा राग कोणावर काढू? मीही त्याच गेटवर पगार घेतो.

त्या रविवारी मी चंदगडला फोन लावला. दत्तूच्या धाकट्या भावाने उचलला. मी त्याला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. शिव्या द्याव्यात अशी माझी इच्छा होती.  तो म्हणाला, “दगड तसाच राहू दे. आबांना आता दिसत न्हाई. रोज सकाळी जाऊन त्या आकड्यावर हात फिरवून येतात.” आणि फोन ठेवला. आऊट म्हणालासुद्धा नाही.

दगड बदलता येत नाही, म्हणून इथे लिहितो. अर्धांगवायू झालेला शिंपी. त्याची बायको. चार दिवसांची बाळंतीण. तिचं बाळ. डोळे गेलेले मास्तर. पाय मोडलेला एक गवंडी. दोघी म्हाताऱ्या बहिणी, ज्यांनी आतून कडी लावून घेतली होती. डोक्याने अधू असलेली एक बाई, जिला बोटीत बसवायला त्याला पूर्ण दुपार लागली. हे नऊ. या प्रत्येक दारावरून माझी बोट आधी गेली होती. दहावी चाची. तिला माझ्या रकान्यातून काढून तिच्या जागी लिहितो.

नाईक दत्तू ढेरे, बोट नंबर तीन. एकूण दहा.